कपाटातली पुस्तके आणि कुंपणापलीकडचा तारपा

दिवाळी आठ दिवसांवर आली की चिखल्याच्या आमच्या घरात एक काम न सांगता माझ्या वाट्याला येते. ते म्हणजे पुस्तकांचे कपाट झाडणे. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. चार महिन्यांच्या खाऱ्या, दमट वाऱ्याने पुठ्ठे मऊ पडतात, पानांवर पिवळे ठिपके उमटतात, आणि कसर आपला दिवाळीचा फराळ आमच्या आधीच उरकून घेते. मग एकेक पुस्तक काढायचे, ओट्यावर उन्हात उघडे करून ठेवायचे, फडक्याने पुसायचे आणि पुन्हा जागेवर लावायचे. काम तासाभराचे, पण मला त्याला दोन दिवस लागतात. पुसायला घेतलेले पुस्तक उघडायचे नाही, हा संयम मला सत्तरी ओलांडली तरी साधलेला नाही.

गेल्या वर्षी या कामात मला एक मदतनीस मिळाली. माझी नात पुण्याला शिकते. सुटीला आली होती. अर्धे कपाट रिकामे झाल्यावर ती हात झटकून म्हणाली, "आजोबा, एवढी सगळी काही माझ्याच्याने वाचून व्हायची नाहीत. तुम्हाला आवडलेली तेवढी सांगा. आणि ऐकण्यासारखे काय, तेही सांगा. नुसती नावे नकोत. का वाचायचे, का ऐकायचे, ते लिहून द्या."

मी म्हटले, "त्यात काय मोठे? संध्याकाळपर्यंत देतो."

त्या संध्याकाळला वर्ष होऊन गेले. यादी करायला बसलो तेव्हा ध्यानात आले की आवडीची यादी म्हणजे नावांची माळ नव्हे. प्रत्येक पुस्तक घरात कोणी आणले, केव्हा आणले, आणि कोणते पुस्तक बरीच वर्षे घरात येऊच शकले नाही, हे सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही. म्हणजे यादी लिहायची तर आमच्या घराचा आणि थोडा या मुलखाचाही इतिहास लिहायला हवा. तोच इथे लिहितो आहे. नातीसाठी लिहितो आहे; पण दिवाळीच्या दिवसांत शेजारच्या मुलांनाही फराळाला बोलवायची आपल्याकडे रीत आहे, तेव्हा वाचकांनीही बसावे.

आधी गाव कुठे आहे ते सांगतो. डहाणूहून किनाऱ्याने उत्तरेला निघाले की आगर, नरपड, मग आमचे चिखले, पुढे घोलवड आणि बोर्डी. त्यापलीकडे गुजरात. आमचा जिल्हा पूर्वी ठाणे होता. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर झाला. गावाची रचना साधी आहे. पश्चिमेला समुद्र, सुरूची झाडे आणि मांगेल्यांची घरे. मध्ये चिकूच्या वाड्या. पूर्वेला रेल्वेचा रूळ, आणि रुळापलीकडे चढत जाणाऱ्या जमिनीवर वारल्यांचे पाडे. मुंबईचा लोहमार्ग १८६४ साली या बाजूने गुजरातेशी जोडला गेला. माझ्या लहानपणी मात्र मला असे वाटे की हा रूळ मुंबईला जाण्यासाठी घातलेला नसून गावाचे दोन भाग करण्यासाठी घातला आहे. आमच्या कपाटाचा इतिहास हा या रुळाच्या अलीकडचा इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळले.

कपाट आजोबांनी करून घेतले. सागवानी, काचेच्या दारांचे. वरच्या कप्प्यात पोथ्या, दुसऱ्यात कादंबऱ्या आणि नाटके, तिसऱ्यात मासिकांचे बांधीव खंड. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी घरात लाडू-करंज्यांच्या जोडीने छापील फराळही येऊ लागला. आमच्या घरी ही चाल आजोबांनी सुरू केली. दिवाळी अंक आला की पहिला मान त्यांचा. मग वडील, मग काका, आणि बायकांच्या हाती तो तुळशीच्या लग्नाच्या सुमारास पडे. माझी आजी मात्र दुपारी सगळे झोपले की तो वाचून पुन्हा होता तसा ठेवून देई. आजोबा रात्री एखादी गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगू लागले की तिचा शेवट तिला आधीच ठाऊक असे. ती हसू दाबून ऐकत राही.

सर्वात खालच्या कप्प्यात हिशेबाच्या वह्या होत्या. लाल कापडात बांधलेल्या, मोडी अक्षरातल्या. त्यांना पुस्तक म्हणायचे कोणाच्या मनातही नव्हते. त्यांच्याकडे आपण पुढे येणार आहोत.

यादीत पहिले नाव मी घातले 'श्यामची आई'चे. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिले आणि १९३५ साली ते छापून निघाले. हे पुस्तक सुचवावे लागते असे नाही; मराठी मुलाला ते गोवरासारखे एकदा येऊन जातेच. पण माझी सूचना अशी की ते मोठेपणी पुन्हा वाचावे. लहानपणी आपण श्यामबरोबर रडतो. चाळिशीनंतर वाचले म्हणजे त्या घरावरचे कर्ज दिसू लागते, दारात येणारा वसुलीचा माणूस दिसू लागतो, आणि आईचा जीव कशाने खचत गेला ते उमगते.

दुसरे नाव 'महिकावतीची बखर'. वि. का. राजवाड्यांनी ती १९२४ साली प्रसिद्ध केली. महिकावती म्हणजे आपले केळवे-माहीम. इथून काही तासांच्या वाटेवर. उत्तर कोकणात बिंब राजा कसा आला, त्याच्याबरोबर कोणती कुळे आली, कोणाला कोणते गाव मिळाले, याची ही जुनी कहाणी. आमच्या आजोबांची ही बायबलच होती. पाहुणा आला की ते बखर काढीत आणि आपल्या ओळखीची गावे त्याला त्यात दाखवीत. मला ती वाचायला सांगावीशी वाटते ती राजवाड्यांच्या प्रस्तावनेसाठी. हा मनुष्य एका बखरीला प्रस्तावना लिहायला बसतो आणि उत्तर कोकणात माणसांची वस्ती कशी होत गेली या प्रश्नाच्या मुळाशी जाऊ पाहतो. त्यांचे सगळेच तर्क आज टिकणारे नाहीत. पण आपल्या पायांखालच्या जमिनीविषयी असा प्रश्न विचारता येतो, हे मला त्या पानांनी शिकवले.

एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. गाव कोणाला मिळाले हे बखर सांगते. त्या गावात नांगर कोण धरीत होते, हे तिला सांगायचे नव्हते.

आता गाण्याकडे वळतो. आमच्या घरी चावीचा ग्रामोफोन होता. हिंदुस्थानात गाण्याचे ध्वनिमुद्रण १९०२ साली सुरू झाले आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तबकड्यांनी गावेच्या गावे काबीज केली. आमच्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या, त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकरांच्या आणि बालगंधर्वांच्या तबकड्या होत्या. त्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. मैफलीत तासभर राग आळवणाऱ्या गवयांना तेवढ्या वेळात सारे सांगून मोकळे व्हावे लागे. आमची पिढी त्या तीन मिनिटांवर वाढली. नातीला मी लिहिले: खाँसाहेबांचे गाणे रात्री दिवा मालवून ऐक. हिराबाईंचे सकाळी ऐक. आणि बालगंधर्वांचे केव्हाही ऐक, परंतु त्या वेळी कोणाशी बोलू नकोस.

त्यानंतर 'गीतरामायण'. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले. वर्षभर, आठवड्याला एक अशी गदिमांची छप्पन्न गीते सुधीर फडक्यांच्या चालींत घरोघर गेली. माझा जन्म त्याच वर्षीचा. वडील सांगत, रेडिओ गावात मोजक्या घरी; आमच्या ओटीवर त्या वेळी माणसे दाटीने बसत, आणि माझ्या रडण्यामुळे कैकेयीच्या वाट्याला आलेली बोलणी आईच्या वाट्याला येत. ही गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली की ती ओटी मी स्वतः पाहिली आहे असे मला वाटते.

पण त्या ओटीवर कोण होते आणि अंगणात कोण उभे होते, हे वडिलांनी कधी सांगितले नाही. मी विचारलेही नाही.

शाळेला मी बोर्डीला होतो. बोर्डी म्हणजे आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांनी नावारूपाला आणलेले गाव. १९४५ साली ताराबाई मोडक तिथे आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माझ्या यादीतले तिसरे पुस्तक अनुताईंचे: 'कोसबाडच्या टेकडीवरून'. ते वाचताना ही बाई एवढे सोसून इतके साधे कसे लिहू शकते, याचे नवल वाटते. लहानपणी वैधव्य आलेली मुलगी शिकते, शिक्षिका होते, आणि पस्तिशीत एका अनोळखी खेड्यात येऊन वारल्यांच्या मुलांना आंघोळ घालण्यापासून सुरुवात करते. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. मोठी मुले गुरे चारायला कुरणात जातात, तर शाळा कुरणात न्यायची. तिचे नावच कुरणशाळा. या पुस्तकाच्या जोडीला गिजुभाई बधेकांचे 'दिवास्वप्न' वाचावे. ते मुळात गुजराती. १९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ काढला होता. आमच्या भागात घराघरांत दोन्ही भाषा चालत. १९६० साली उंबरगाव तालुक्यातली बरीच गावे गुजरातेत गेली, उरलेल्यांचा तलासरी झाला. पण कपाटातली गुजराती पुस्तके कोणी सीमेपलीकडे पाठवली नाहीत.

कुरण हा शब्द मी शाळेत असा ऐकला. घरी तो वेगळ्या अर्थाने ऐकू येई. आमच्या आजोबांची रुळापलीकडे गवताची कुरणे होती. पावसाळा सरला की वारली गडी गवत कापीत, त्याच्या गाठी बांधीत, आणि त्या गाठी रेल्वेने मुंबईला जात. ग्रामोफोन, तबकड्या, काचेच्या दारांचे कपाट हे सारे त्या गवताच्या पैशातून आले होते.

या गड्यांपैकी एक वाडीवरच राहत असे. माझ्या लहानपणी तो पन्नाशीचा असेल. चिकूच्या झाडावर चढून वेड्या देठांची फळे न दुखावता उतरवावी तर त्यानेच. मी आठ वर्षांचा पोर त्याला नावाने हाक मारी आणि 'अरे-तुरे' करी. घरात कोणालाही त्यात वावगे वाटत नसे. तो मला 'शेठ' म्हणे.

भाताची लोंबी भरू लागली की संध्याकाळी रुळापलीकडून एक आवाज येऊ लागे. एकसारखा, घुमणारा, मध्येच उंच चढणारा. मोठ्या भुंग्याने सूर धरावा तसा. तो तारपा. आमचा गडी उत्तम तारपकरी होता हे मला ठाऊक होते, कारण त्या दिवसांत तो सकाळी उशिरा येई आणि आजोबा त्याबद्दल त्याला बोलत. आजोबा ग्रामोफोन लावून बसले असताना हा आवाज आला की ते उठून खिडकी लावून घेत. खाँसाहेबांच्या तीन मिनिटांत व्यत्यय येई.

१९७४ साली मी मुंबईला कॉलेजात होतो. एका मित्राने मला एक पुस्तक दिले आणि म्हणाला, "तू डहाणूकडचा ना? मग हे वाच." ते होते गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो'. १९७० साली निघालेले, १९७२ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळालेले. मी ते एका रात्रीत वाचले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचले.

या यादीत मला एकच पुस्तक ठेवायला सांगितले तर मी हे ठेवीन. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे आपल्या भागातले काही वारली गेले होते. मग शामराव आणि गोदावरीबाई परुळेकर या मुलखात आले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावी वारल्यांची सभा झाली आणि वेठ करायची नाही असे ठरले. वेठ म्हणजे मोबदल्याशिवाय जबरीने करून घेतलेले काम. त्यातला एक प्रकार लग्नगड्याचा. लग्नासाठी सावकाराकडून शेपन्नास रुपये घेतले की नवरा, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही, ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबत. आणि ते कधी फिटत नसत. ही प्रथा वारल्यांनी मोडली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे त्यात मेले.

कायद्याची गेलेली पदवी बाजूला ठेवून पाड्यापाड्यांतून पायी हिंडलेल्या या बाईंनी हे सारे लिहिले आहे. लेखिका म्हणून त्यांना मिरवायचे नाही. जे पाहिले ते सांगायचे आहे. वाचताना ज्या गावांची नावे येत होती ती सगळी माझ्या ओळखीची होती. आमच्या घरात इतकी पुस्तके, पण घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलेली ही गोष्ट मला मुंबईत कळावी! आणि मी त्यातल्या सावकारांच्या वर्णनात आमच्या कपाटाच्या काचा शोधू लागलो.

सुटीत मी पुस्तक घरी नेले, वर्तमानपत्राचे वेष्टन घालून. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी ते काढून पाहिले. मला वाटले, आता बोलणे होणार. ते एवढेच म्हणाले, "हे वरच्या कप्प्यात ठेवू नकोस." मी विचारले, "यात लिहिले आहे ते खरे आहे का?" ते काही बोलले नाहीत. मग मी खालच्या कप्प्यातली १९४५ सालची वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. मला मोडी येत नव्हते. त्यांना येत होते. वहीचा लाल कपडा सोडायला त्यांनी बराच वेळ घेतला.

त्यांनी वाचून दाखवले ते मी विसरणार नाही. आमच्या गड्याचे नाव. त्याखाली 'लग्नाबद्दल उचल'. रक्कम. मग वर्षावर वर्षे, आणि दरवर्षी तीच बाकी. काही वर्षी वाढलेली. भाताचे मण, जुने धोतर, मुलाच्या आजारातले दोन रुपये, सारे त्यात मिळवलेले. राबण्याचा जमेला कुठेच आकडा नव्हता. मे महिन्याच्या पानावर एक ओळ होती: 'दोन रोज गैरहजर'.

वडील थांबले. मीही थांबलो. तो मे महिना १९४५ चा होता.

मी वाडीत गेलो. गडी आता म्हातारा झाला होता. झाडाखाली बसून करंड्या नीट करीत होता. मी त्याला पहिल्यांदा 'काका' म्हटले. त्याला हसू आले. मी झरीचे नाव काढले तसे त्याने करंडी खाली ठेवली. हो, तो गेला होता. रात्री निघून, डोंगराच्या वाटेने, पाड्यावरच्या पाचसहा जणांबरोबर. आल्यावर आजोबांनी काय केले ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. त्यानंतर दोन वर्षे तो आमच्या वाडीवर फिरकला नव्हता. मग परत आला तो रोजावर, पैसे ठरवून. मी त्याला सांगितले की या सगळ्यावर मोठे पुस्तक निघाले आहे. त्याने विचारले, त्यात आपले नाव आहे का. मी नाही म्हटले. थोड्या वेळाने मीच म्हणालो की आमच्या वहीत मात्र आहे. त्यावर तो पुष्कळ हसला. आपले नाव लिहिलेले एकच पुस्तक, आणि तेही शेठच्या घरात!

इतिहास म्हणजे काय, हे मी त्या दुपारी शिकलो. एकच माणूस, तेच दोन दिवस. एका पुस्तकात तो जागा होतो. दुसऱ्या पुस्तकात तो गैरहजर असतो. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. ज्याच्याजवळ त्यांतली एकच असते त्याला अर्धीच गोष्ट कळते, आणि आम्ही तीस वर्षे अर्ध्या गोष्टीवर सुखाने राहिलो होतो.

वडिलांनी पुढे ते पुस्तक वाचले. केव्हा वाचले ते मला माहीत नाही. पुढच्या दिवाळीला कपाट झाडताना ते मला वरच्या कप्प्यात सापडले, बखरीच्या शेजारी. वर्तमानपत्राचे वेष्टन काढून टाकलेले होते. त्यानंतरच्या वर्षी, १९७६ साली, वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. ती बातमी त्यांनी मोठ्याने वाचली आणि चष्मा काढून ठेवला. आमच्यात या विषयावर झालेले बोलणे एवढेच.

आता यादीत शेवटचे गाणे राहिले. मी ज्या वर्षी त्याला काका म्हटले त्याच वर्षी भाताच्या दिवसांत रूळ ओलांडून पाड्यावर गेलो. तारपा जवळून पाहिला. वाळवलेल्या दुधी भोपळ्याची फुंकायची बाजू, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. गाल फुगलेलेच राहतात, श्वास नाकाने आत येत राहतो, आणि सूर तुटत नाही. भोवती स्त्री-पुरुष कमरेला हात घालून फेर धरतात. तारपकरी वळला की फेर वळतो. तारप्याकडे पाठ करायची नाही असा दंडक. रात्र सरत आली तरी कोणाला घाई नव्हती. हे तीन मिनिटांच्या तबकडीत मावणार कसे? आणि खिडकी लावून घेणाऱ्या माणसाला कळणार कसे? त्या रात्री मला आजोबांचा राग आला नाही, कीव आली. एवढे कानसेन, पण जन्मभर अंगणातले गाणे त्यांनी व्यत्यय म्हणून ऐकले.

याच संदर्भात मी नातीला कुमार गंधर्व सुचवले आहेत. ऐन उमेदीत क्षयाने अंथरुणाला खिळलेले कुमारजी देवासला पडल्या पडल्या बाहेरून जाणाऱ्या माणसांची माळव्यातली गाणी ऐकत होते. त्या लोकधुनांत त्यांना रागांची बीजे दिसली. त्यांतून त्यांनी नवे राग घडवले, आणि १९६५ साली त्यांचा 'अनूपरागविलास' हा ग्रंथ निघाला. त्यांची खिडकी उघडी होती. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' मी त्याच कारणासाठी यादीत घातले आहे. १९५६ सालचे हे पुस्तक बारा महिन्यांच्या झाडापानांकडे कसे पाहावे ते शिकवते; ते वाचल्यावर सुरूच्या बनातून चालणारा माणूस पूर्वीसारखा चालत नाही.

आज तारपा पाहायला रूळ ओलांडावा लागत नाही. आमच्याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी लग्नाचे चौक लिहिणाऱ्या बायकांची चित्रकला भिंतीवरून कागदावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. तारप्याभोवतीचा तो फेर आता चहाच्या कपावर आहे, पिशवीवर आहे, रेल्वे स्थानकाच्या भिंतीवर आहे. नातीच्या वहीच्या पुठ्ठ्यावरही आहे. मी तिला विचारले, "मधला माणूस काय वाजवतो आहे?" ती म्हणाली, "सनई असेल." तेव्हा मी यादीचा कागद बाजूला ठेवला आणि म्हटले, "चल."

आमच्या काकांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्यांचा नातू वापीला कारखान्यात कामाला आहे. सुटीला आला की वाजवतो. आम्ही गेलो तेव्हा त्याने आधी आम्हाला चहा दिला, मग तारपा काढला. नातीने भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण सुरू केले. ते तासाभराने तिच्या लक्षात राहिले नाही. ती फेरात गेली होती.

परत येताना ती म्हणाली, "आजोबा, यादीत हे कितवे घालू?"

मी म्हटले, "क्रम घालू नकोस."

तर यादी ही अशी आहे. वाचायला: 'श्यामची आई', 'महिकावतीची बखर', 'कोसबाडच्या टेकडीवरून', 'दिवास्वप्न', 'ऋतुचक्र' आणि 'जेव्हा माणूस जागा होतो'. ऐकायला: खाँसाहेब, हिराबाई, बालगंधर्व, गीतरामायण, कुमार गंधर्व आणि तारपा. शेवटचे एक पुस्तक बाजारात मिळणार नाही. ते खालच्या कप्प्यात लाल कापडात आहे. मोडी शिकून घे, मग ते सोड. पाने फार ठिसूळ झाली आहेत. हात कोरडे असू देत. आणि वाचून झाले की पुन्हा खाली ठेवू नकोस. वरच्या कप्प्यात, त्या दोघांच्या शेजारी, मी जागा करून ठेवली आहे.